जुनी काच, नवा कॅमेरा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांचा कोडॅक डुआफ्लेक्स, म्हणजे वरून डोकावून पाहायचा जुना फिल्म कॅमेरा, घरात आहे, शटर अडकलेलं. त्याच्या वरच्या काचेत दिसणाऱ्या चित्राचाच डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढतात, असं ऐकलं. माझ्याकडे डीएसएलआर आणि १८-५५ची लेन्स आहे. अगदी जवळून फोटो काढणारी मॅक्रो लेन्स घ्यावी लागेल का? (सातारा)

उत्तर : इतक्यात नको. वरची काच साधारण चार सेंटीमीटरची असते. लेन्स ५५वर ठेवून अगदी जवळ फोकस केली की चौकटीच्या उंचीचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग ती काच व्यापते. बाकीचं नंतर कापून टाका. मॅक्रोने पिक्सेल जास्त मिळतात, बस.

अडकलेल्या शटरची काळजी सोडा. त्याला लागणारी ६२० फिल्म कोडॅकने १९९५मध्येच बंद केली आणि या कामात फिल्म लागत नाही, शटरही नाही. समोरचं छोटं भिंग, ४५ अंशांत बसवलेला आरसा आणि वरची फुगीर काच एवढं शाबूत असलं की झालं. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असा कॅमेरा घेताना हेच तीन भाग पाहा. ‘चालू आहे’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

आता दोन कॅमेऱ्यांमध्ये बाहेरचा उजेड अडवणारी पुठ्ठ्याची नळी. पुठ्ठा कापण्याआधी मोजून घ्या. ऑटोफोकस बंद करा, फोकसची रिंग सर्वांत जवळच्या टोकाला फिरवा आणि जुन्या कॅमेऱ्यावर डीएसएलआर उभा धरून वर-खाली करा. काचेची कड धारदार दिसली की लेन्सच्या तोंडापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. नळीची उंची तेवढी. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या केल्या तर सेंटीमीटरभर चूक खपते. खालचं तोंड डुआफ्लेक्सच्या अंगावर घट्ट बसेल असं चौकोनी ठेवा आणि काचेवरची झडप उघडी राहू द्या.

चित्र सुलट पण डावं-उजवं उलटं दिसेल. फोटो संगणकावर डावीकडून उजवीकडे उलटवला (फ्लिप) की दुकानांच्या पाट्या वाचता येतात. चालत्या माणसाचा पाठलाग करताना मात्र हात हमखास उलट्या दिशेला जातो. शंभरेक फोटोंनंतर सवय होते.

प्रश्न : नळी केली, आतून काळा ऑइलपेंटही दिला. तरी चित्र धुरकट येतं, मध्यभाग पांढराफटक पडतो आणि काचेत माझ्याच लेन्सची गोल कड दिसते. (डोंबिवली)

उत्तर : ऑइलपेंट काळा असला तरी चकाकतो, तिरका प्रकाश आला की जास्तच. त्यावर हस्तकलेच्या सामानात मिळणारा काळा मखमली कागद चिकटवा. लेन्सची कड दिसते याचा अर्थ नळीत उजेड शिरतोय, बहुधा खालच्या फटीतून. तिथे काळा मोजा कापून गुंडाळा. हा उपाय दिसतो गबाळा, पण टेपपेक्षा चांगला टिकतो.

पांढरेपणाचं कारण वेगळं. चौकटीत काचेभोवती पुष्कळ काळं असतं. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला दृश्य अंधारं वाटतं आणि तो प्रकाश वाढवतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) किंवा फक्त एका ठिपक्यापुरता प्रकाश मोजणारं स्पॉट मीटरिंग लावा. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११ ठेवा. काचेवरची धूळ आणि चित्र एकाच पातळीवर नसतात, त्यामुळे ५.६वर धुळीचा कण टोकदार आणि माणूस मऊ येतो. दोन कॅमेऱ्यांचा हा डोलारा हातात हलतोच, म्हणून शटर १/१२५च्या खाली नको; गरज पडली तर आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवा.

प्रश्न : यशिका-मॅट १२४जी या वरूनच पाहायच्या फिल्म कॅमेऱ्यावर हाच प्रयोग केला. कोपरे काळे आणि चित्रावर बारीक वर्तुळं. कॅमेरा तर महागाचा! (सांगली)

उत्तर : म्हणूनच. यशिकात चित्र खरखरीत काचेवर पडतं, शिवाय कडांना उजेड पोहोचावा म्हणून बारीक गोल खाचांची सपाट फ्रेनेल लेन्स असते. ती वर्तुळं तिचीच. फोकस केसभर हलवला तर ती विरतात, कोपरे थोडे अंधारे राहतातच. या कामासाठी आमचं मत स्वस्त, फुगीर काचेच्या कॅमेऱ्याला. यशिकात १२० फिल्म घाला, तो तिचा मान आहे.

प्रश्न : आतला आरसा पुसू का? (चिपळूण)

उत्तर : कागदाचं टोक आरशाला टेकवा. टोक आणि प्रतिबिंब भिडले तर मुलामा पुढच्या बाजूला आहे. तिथे कापड लावू नका, फक्त रबरी पंपाने हवा मारा. मध्ये फट दिसली तर मुलामा मागे आहे, ओलसर मऊ कापड चालेल. वरच्या काचेवरची थोडी धूळ राहू द्या. फोटोला जुनेपण देण्यात तिचा मोठा वाटा असतो.

प्रश्न : अ‍ॅग्फा क्लिक थ्री या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं भिंग काढून थेट मिररलेस डिजिटल कॅमेऱ्याला लावलं तर? (ठाणे)

उत्तर : लागेल, पण निराशा होईल. ते भिंग ६×६ सेंटीमीटरच्या निगेटिव्हसाठी आहे. बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांतला छोटा एपीएस-सी सेन्सर त्यातला जेमतेम आठवा भाग टिपतो, तोही मधला, म्हणजे सर्वांत स्वच्छ. कडांचा जो विरघळता मऊपणा हवा असतो, तो सेन्सरच्या बाहेर पडतो. त्याहून मोठ्या फुलफ्रेम सेन्सरवरही पाव भागाच्या थोडं पुढेच मजल जाते. भिंग काढण्याआधी मिररलेसच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चाचणी घ्या. क्लिक थ्री पुन्हा पूर्ववत जोडणं सोपं नाही.