‘मृत गणना’ नव्हे, आडाखा

प्रश्न असा: एका भाषांतरात ‘डेड रेकनिंग’साठी, म्हणजे वेग, दिशा आणि वेळ यांवरून आपण कुठे आहोत ते काढण्यासाठी, ‘मृत गणना’ वाचलं, ते बरोबर आहे का? आणि त्यासाठी वैमानिक वापरतात त्या गोल ‘फ्लाइट कॉम्प्युटर’ला ‘संगणक’ म्हणावं का?

‘मृत गणना’ म्हटलं की मृतांची मोजदादच डोळ्यांपुढे येते. इथे कोणी मेलेलं नाही. इंग्रजीत ‘डेड’ला ‘पुरता, निखालस’ असाही अर्थ आहे. कारखान्याच्या फाटकावर ‘डेड स्लो’ लिहिलेलं असतं, ते काही मढ्यांसाठी नसतं. हा ‘डेड’ म्हणजे ‘डिड्यूस्ड’चं (अनुमानाने काढलेलं) लघुरूप, असं पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. पण ‘डेड रेकनिंग’ सतराव्या शतकापासून खलाशांच्या इंग्रजीत आहे आणि ‘डिड्यूस्ड’ची गोष्ट विसाव्या शतकातली. मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती, दुसरं काय!

यात करायचं काय असतं? कुठून निघालो, कोणत्या दिशेने, किती वेगाने, किती वेळ, एवढ्यावरून आता कुठे असू ते काढायचं. खाली ओळखीची खूण दिसो न दिसो. याला ‘अंदाज’ म्हणणं मला पटत नाही, कारण अंदाजाला आपल्याकडे ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ची संगत लागलीय. ‘ठोकताळा’ अनुभवाचा असतो. पावसाचे ठोकताळे म्हणतो तसा. ‘आडाखा’ मात्र बांधावा लागतो, हाताशी असलेल्या गोष्टींवरून. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांनी तो बराच सैल केलाय हे खरं, तरी माझं मत आडाख्यालाच. नामाचा हट्ट सोडून ‘आडाख्याने विमान नेणं’ म्हटलं की वाक्यही सरळ चालतं.

आता ते यंत्र. अमेरिकी नौदलातल्या फिलिप डाल्टन यांनी 1930च्या दशकात घडवलेलं ‘ई-सिक्स-बी’ आजही शिकाऊ वैमानिकांच्या पिशवीत असतं. भाच्याचं मी हातात घेऊन पाहिलंय. एका बाजूला एकात एक फिरणाऱ्या दोन चकत्या, म्हणजे वाकवून गोल केलेली स्लाइड रूलच (आकडेमोडीची सरकती पट्टी). जमिनीवरचा वेग, म्हणजे जमिनीच्या मानाने विमानाचा वेग, 90 नॉट (ताशी 90 सागरी मैल) असेल तर आतल्या चकतीवरचा 60चा बाण बाहेरच्या 90खाली आणायचा. मग बाहेर 60 सागरी मैल शोधले की त्याखाली 40 मिनिटं तयार. दुसरी बाजू वाऱ्याची: पारदर्शक चकतीवर पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि खालची आखीव पट्टी सरकवायची. समजा उत्तरेला जायचंय, विमानाचा हवेतला वेग 100 नॉट आणि पश्चिमेकडून 20 नॉटचा वारा आहे. मग नाक साडेअकरा अंश डावीकडे धरायचं, आणि जमिनीवरचा वेग पडतो 98. बॅटरी नाही, पडदा नाही.

त्याला ‘कॉम्प्युटर’ म्हणतात ते जुन्या अर्थाने, हिशेब करणारा म्हणून. इंग्रजीत एके काळी आकडेमोड करणाऱ्या माणसांनाही कॉम्प्युटर म्हणत. मराठीत ‘संगणक’ लिहिलंत तर वाचक कळफलक शोधेल. मी ‘गणकचकती’ लिहीन. शब्द मीच जुळवलाय, त्यामुळे पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘ई-सिक्स-बी’ही ठेवा. बोलताना मात्र भाचा ‘कॉम्प्युटर दे’ एवढंच म्हणतो, आणि त्याच्या खोलीत कोणी लॅपटॉप पुढे करत नाही.