मामांना ते इंजेक्शन दिलं, मग वडिलांना का नाही?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी सापडली तरी डॉक्टरांनी फक्त हेपॅरिन सुरू केलं, आणि मामांना हार्ट अटॅक आला तेव्हा मात्र लगेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं होतं, असं का? मी बरीच वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. काचेबाहेर उभे असलेले नातेवाईक हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हेपॅरिनला सगळे 'रक्त पातळ करणारं' म्हणतात. ते गुठळी विरघळवत नाही, फक्त वाढू देत नाही. असलेली गुठळी शरीरच हळूहळू जिरवतं. गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं म्हणजे अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज, स्ट्रेप्टोकायनेज. त्यांचं काम वेगळं. ती रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतात आणि प्लाझ्मिन गुठळीतले फायब्रिनचे धागे तोडतं. पण मेंदूतली एखादी कमजोर रक्तवाहिनी अशाच धाग्यांनी सांधलेली असेल, तर तीही उसवते. सगळी भीती त्या रक्तस्रावाची.

हार्ट अटॅकमध्ये धमनी पूर्ण बंद झाली की पुढचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. ईसीजीत तसं दिसलं आणि 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसली, तर 12 तासांच्या आत हे इंजेक्शन देतात. पहिल्या दोन-तीन तासांत फायदा सर्वांत जास्त. मामांच्या वेळी थांबणं परवडणारं नव्हतं.

फुप्फुसाचं तसं नाही. त्याला रक्त दोन वाटांनी मिळतं, म्हणून एक वाट अडली तरी ते सहसा लगेच मरत नाही. मार पडतो तो हृदयाच्या उजव्या कप्प्यावर. त्याची भिंत पातळ. समोर अचानक अडथळा आला की तो फुगतो, दमतो, आणि मग बीपी कोसळतं. म्हणून आमचं लक्ष बीपीवर. वरचा आकडा 90 च्या खाली जाऊन तिथेच राहिला, रुग्ण शॉकमध्ये गेला, तर अल्टेप्लेज 100 मिलिग्रॅम दोन तासांत देतात.

बीपी टिकून आहे पण उजवा कप्पा ताणलेला आहे, अशा सुमारे हजार रुग्णांवर पायथो नावाचा अभ्यास झाला, 2014 साली तो प्रसिद्ध झाला. टेनेक्टेप्लेज दिलेल्यांत बीपी कोसळण्याचं प्रमाण घटलं खरं, पण मेंदूत रक्तस्राव 2 टक्क्यांना झाला. न दिलेल्यांत 0.2 टक्के. म्हणून वडिलांना हेपॅरिनवर ठेवून नजर ठेवणं म्हणजे हात आखडता घेणं नव्हे. उद्या बीपी घसरलंच तर इंजेक्शनची वाट बंद झालेली नसते. फुप्फुसाच्या गुठळीत काही दिवसांनंतरही त्याचा उपयोग होतो.

गुठळी विरघळवणारं औषध चालू असताना आम्ही किती जपतो ते सांगते. कमरेत वा दंडात इंजेक्शन नाही, नवी सुई शक्यतो नाही, टोचलेली जागा कितीतरी वेळ बोटाने दाबून धरायची. दर पंधरा मिनिटांनी विचारायचं, 'काका, नाव सांगा, दोन्ही हात वर करा.' एकदा एक आजोबा हळूच म्हणाले, 'डोकं ठणकतंय.' मी औषध तिथेच बंद करून डॉक्टरांना हाक मारली. सीटी स्वच्छ आला, पण तो येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नव्हता.

तुम्ही आजच डॉक्टरांना हे सांगा: वडिलांना पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव किंवा लकवा झाला होता का, अलीकडे ऑपरेशन झालंय का, पडून डोक्याला लागलंय का, काळी शौच होते का. आधी कधी स्ट्रेप्टोकायनेज दिलं असेल तर तेही, कारण शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ते पुन्हा देत नाहीत. आणि त्यांना भोवळ आली, दरदरून घाम फुटला, धाप वाढली, तर राउंडची वाट पाहू नका. रात्रीचे तीन वाजले असले तरी सिस्टरला उठवा.