सध्या मेजर लीग बेसबॉलमधला (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीग) सर्वोत्तम शॉर्टस्टॉप कोण?

माझं मत कॅन्सस सिटी रॉयल्स संघाच्या बॉबी विट ज्युनियरला. शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये. आपल्या पॉइंटच्या फील्डरसारखी चपळाई हवीच, वर पहिल्या बेसपर्यंत लांब, सरळ फेक. विटने २०२४ मध्ये .३३२ फलंदाजी सरासरी (दर हजार संधींमागे ३३२ हिट), ३२ होमरन (आपल्या षटकारासारखे मैदानाबाहेरचे फटके), ३१ चोरलेले बेस (गोलंदाज चेंडू टाकताना पळून गाठलेला पुढचा बेस) आणि गोल्ड ग्लव्ह (सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार), सगळं एकाच हंगामात उरकलं. न्यूयॉर्क मेट्सचा शॉर्टस्टॉप फ्रान्सिस्को लिंडोर, त्याचे चाहते भांडतील, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही: त्याच वर्षी त्याचे ३३ होमरन होते, नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वात मौल्यवान खेळाडूच्या, मतदानात तो फक्त डॉजर्सच्या शोहेइ ओहतानीच्या मागे राहिला. पण तिसऱ्या बेसच्या बाजूला खोल गेलेला चेंडू विट धावता धावता उचलतो आणि पाय नीट टेकायच्या आत फेकतो, ते एकदा बघाच. शिवाय पळण्याच्या वेगात लिंडोर त्याच्या जवळपासही नाही.