झोपेत दात खाणं घराण्यातून येतं का?

तुमचे सासरे झोपेत दात खायचे, नवरा खातो आणि आता सहा वर्षांची मुलगीही खायला लागली. हे रक्तातूनच आलं का, असं तुम्ही विचारलंय. बऱ्याच अंशी हो.

आमच्याकडचं सांगते. गोव्यात डिचोलीच्या घरी जूनमध्ये एका रात्री वीज गेली, पंखा थांबला आणि करकर ऐकू आली. वाटलं, माळ्यावर उंदीर काहीतरी कुरतडतोय. कान दिला तर आवाज माझ्या शेजारी झोपलेल्या लेकाचा. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "पोटात जंत झालेत, औषध दे." दिलं. करकर तशीच राहिली.

त्याला दंतवैद्याकडे नेलं, तेव्हा डॉक्टरांनी माझेही दात बघितले आणि हातात आरसा दिला. माझ्या सुळ्यांना टोकंच नव्हती, कानशीने घासल्यासारखे सपाट. आणि मला बाबांचे दात आठवले, अगदी असेच. नवरा बोटीवर असतो, त्यामुळे रात्री माझा आवाज ऐकणारं कुणी नव्हतं. चाळिशीपर्यंत मला पत्ताच नव्हता.

यावर फिनलंडमध्ये जुळ्यांचा मोठा अभ्यास झाला, तो 1998 साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, बाकीच्या जुळ्यांची साधारण निम्मी. दोन्हींची तुलना करून आनुवंशिकतेचा वाटा काढला: लहानपणी मुलांमध्ये 49 टक्के, मुलींमध्ये 64, मोठेपणी पुरुषांत 39 आणि बायकांत 53. हे आकडे वाचताना एक चूक हमखास होते, म्हणून सांगते. 64 टक्के म्हणजे तुमच्या मुलीला हा त्रास होण्याची शक्यता 64 टक्के, असं नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा भाग जनुकांमुळे, इतकाच त्याचा अर्थ. आणि "दात खाण्याचं" असं एकच जनुक सापडलेलं नाही.

उरलेला वाटा इतर गोष्टींचा. झोप क्षणभर चाळवते, हृदयाचे ठोके वाढतात आणि मग जबड्याचे स्नायू आवळले जातात, असा बहुतेक वेळा क्रम असतो. त्यामुळे झोप चाळवणारं काहीही भर घालतं: ताण, दारू, सिगरेट, रात्रीची कॉफी. नैराश्यावरच्या काही औषधांनीही हे सुरू होतं. तुमच्या नवऱ्याने या बाजूने जरूर विचार करावा, पण चालू औषध मनाने बंद करू नये. नाईट गार्डने, म्हणजे रात्री दातांवर बसवायच्या कवचाने, दात खाणं थांबेलच असं नाही, पण दात झिजायचे वाचतात. माझा गार्ड मी रोज लावते.

मुलीच्या बाबतीत मात्र घाई नको. दुधाचे दात पडायच्या वयात सहसा गार्ड देत नाहीत, आणि बऱ्याच मुलांचं वाढत्या वयात कमी होतं. तिला रागावू नका, हे तिच्या हातात नाही. चार रात्री जवळ झोपून बघा: ती घोरते का, तोंड उघडं ठेवून श्वास घेते का? तसं असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आधी दाखवा. नाहीतर सुट्टीत एकदा बांबोळीच्या सरकारी दंत महाविद्यालयात दात तपासून घ्या, आणि सासऱ्यांचं, नवऱ्याचं तिथे आवर्जून सांगा.