तंबाखू कंपन्यांच्या लॉबिंगवर विनोदी नाटक लिहितोय, झाडीपट्टीत चालेल का?

चालेल ना भाऊ. फक्त तो सुटाबुटातला लॉबीवाला, म्हणजे कंपन्यांसाठी सरकारला पटवणारा माणूस, दिल्लीत ठेवू नका, पानठेल्यावर आणा. आपला पूर्व विदर्भातला झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्रभर नाटक बघत बसतो, आणि बऱ्याच जणांच्या गालात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, असतोच.

माल तयार आहे. 14 एप्रिल 1994ला अमेरिकेत सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख संसदेच्या समितीपुढे शपथेवर म्हणाले, निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. हे जसंच्या तसं घ्या, वरून विनोद घालायची गरजच नाही. आपल्याकडे 2012मध्ये गुटखाबंदी आली, तर पानमसाला एका पुडीत अन् तंबाखू दुसऱ्या पुडीत! पाकिटाच्या 85 टक्के जागेवर इशारा छापायचा नियम आहे. खर्ऱ्याला मात्र पाकीटच नाही. ठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटतो, रबर लावून हातात देतो. छापता कुठं?

एक प्रवेश फुकट देतो. लॉबीवाला जाडजूड अहवाल उघडतो. ठेलेवाला घोटता घोटता म्हणतो, "साहेब, लोकाइले पटवाले तुमाले इतका पैसा लागते? माह्या इथं तं उधारीची वही पुरते."

अन् हो, मंडपाजवळ ठेला लागू देऊ नका. दुसऱ्या अंकाला खुर्च्या रिकाम्या दिसतील.