२४ ने भाग

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या लाल मॉडेल-गाडीचे फोटो मोठे करून करून पाहिले. काम मनापासून केलं आहेस. स्टेअरिंगवरची बारीक रेघ, सीटचे दोन वेगवेगळे काळे, नंबरप्लेटचे स्क्रू, सगळं दिसलं. आणि तरी तुझा प्रश्न उरतोच: एवढं करूनही फोटोत ती खेळणंच का वाटते, आणखी काय काय लावू?

आणखी काहीही लावू नकोस. गाडी लहान झाली, पण तिच्यासोबतच्या बऱ्याच गोष्टी लहान करायच्या राहून गेल्यात: रंगाचा थर, चकाकी, धूळ, आणि बघणाऱ्याचा डोळासुद्धा. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असतो. तिथे ते शोभतं, त्यात मजाच आहे. मॉडेलमध्ये मात्र एखादी जरी गोष्ट त्या मावळ्यासारखी उंच राहिली, की नजर तिथेच अडकते. १:२४ घेतलंस ना, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचं माप, मग प्रत्येक गोष्ट २४ ने भागायची. कॅल्क्युलेटर कटिंग मॅटशेजारीच असू दे.

मी पिंपरीला पेंट शॉपमध्ये, म्हणजे गाड्यांना रंग देतात तिथे, नोकरी केली, त्यामुळे रंगाबद्दल जरा जास्त लिहितो. खऱ्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत, म्हणजे वरच्या पारदर्शक थरापर्यंत, सगळे थर धरून रंग साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २४ ने भाग, ५ मायक्रॉन आले. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. म्हणजे हिशोबाने तुझ्या गाडीवरचा रंग केसाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही पातळ हवा. इतकं पातळ कुणालाच जमत नाही, पण कुठल्या बाजूला जायचं ते यातून कळतं. आता तुझ्याच गाडीच्या दारांच्या फटी बघ. खऱ्या गाडीत दार आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यात ४-५ मिलिमीटरची फट असते. तुझ्याकडे ती ०.२ मिलिमीटर उरते. स्प्रेचे दोन जाड हात बसले की ती निम्मी बुजते, कडा गोल होतात, आणि दार उघडेल असं वाटेनासं होतं. नंतर त्या फटीत कितीही काळं भर, बुजलेली धार परत येत नाही.

म्हणून पुढच्या बॉडीला प्रायमर मारण्याआधी सगळ्या फटी सुईने किंवा ब्लेडच्या पाठीने हलक्या हाताने खोल करून घे. एकाच दमात नको, अनेकदा फिरव. त्याआधी बॉडी भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळव, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य प्लास्टिकवर राहिलेलं असतं. लांबी (पुट्टी) भरायची असेल तर अगदी खळग्यापुरती भर आणि ६०० च्या वॉटर पेपरने ओली घास, मग १०००. प्रायमर करडा घे, त्यात ओरखडे लगेच दिसतात. लाल आणि पिवळ्याखाली मात्र करड्यावर पांढऱ्याचा एक हात हवाच, नाहीतर लाल मरगळतो. तुझा तसाच मरगळलाय. स्प्रे कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेव. कोमटच, गॅसजवळ कधीही नाही. फवारा गाडीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे गेल्यावरच बंद करायचा. पहिल्या हातानंतर खालचा थर दिसायलाच हवा. रंग झाकायची घाई हेच बहुतेक मॉडेल बिघडण्याचं कारण आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याची हवा सांभाळ. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर मारलास तर रंगाचे कण हवेतच सुकतात आणि बॉडीवर रवाळ बसतात. पावसाळ्यात लॅकर मारलास की हवेतलं बाष्प थरावर बसून पांढुरका पडदा येतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, सकाळी दहानंतर ऊन जरा वर आलं की रंगवायला घ्यायचं. आणि तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून थिनरची वाफ अडत नाही. कार्बनच्या डब्या असलेला मास्क घे. एखादा किट कमी आण, पण मास्क आधी आण.

मेटॅलिक रंग निवडताना चमचम कमी असलेलाच घे. त्यातला एकेक कण गाडीच्या मानाने खूप मोठा पडतो आणि लगेच ओळखू येतो. टायर निव्वळ काळे ठेवू नकोस; रस्त्यावरचा एकही टायर तसा नसतो. टायरचा जमिनीला टेकणारा भाग वॉटर पेपरवर फिरव, चकाकी जाईल. काचा फेविकॉलने चिकटव, तो सुकला की पारदर्शक होतो. फेविक्विकच्या वाफेने काच धुरकट होते.

इंजिनाचं सांगायचं तर स्पार्क प्लगची वायर खऱ्या गाडीत ७-८ मिलिमीटर जाड असते, तुझ्याकडे ती ०.३ हवी. एक मिलिमीटरची वायर लावलीस तर तो २४ मिलिमीटरचा पाइप झाला. तपकीर गल्लीत मिळणाऱ्या साध्या मल्टिस्ट्रँड वायरमधली एक तांब्याची तार काढ, ती जवळपास मापात बसते.

धुळीकडे मात्र बारकाईने बघ, कारण गाडी कुठली आहे हे धूळच सांगते. अर्ध्या मिलिमीटरचा एक कण मॉडेलवर पडला तर तो १२ मिलिमीटरचा खडा असतो. म्हणून खरी माती वापरायची नाही, कितीही चाळलीस तरी. अप्पा बळवंत चौकातून सुके पेस्टल खडू आण, करडा, विटकरी आणि फिकट तपकिरी, आणि ते वॉटर पेपरवर घासून त्याची पूड कर. आणि ती कुठे लावायची ते फोटोत शोधू नकोस. वळवाची एखादी सर येऊन गेली की सदाशिव पेठेतल्या गल्ल्यांतून चालत जा आणि उभ्या असलेल्या गाड्या बघ. मागच्या चाकामागे चिखलाचे शिंतोडे पंख्यासारखे वर जातात आणि दाराच्या मध्यावर विरतात. पुढच्या काचेवर वायपरच्या दोन कमानी स्वच्छ, आणि त्यांच्यामधल्या त्रिकोणात धूळ तशीच. डिकीच्या हँडलभोवती बोटं लागून लागून रंग चकचकीत झालेला. एवढ्या तीन गोष्टी जरी जागच्या जागी आल्या, तरी बाकीची गाडी साधी चालेल.

आता फोटो. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असतो. भागलंस की ६.७ सेंटिमीटर. तू वरून, हातभर उंचीवरून फोटो काढलेस; म्हणजे पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून काढल्यासारखं झालं. फोन उलटा धर, लेन्स खाली येईल. अंतराचंही तसंच. रस्त्यापलीकडची गाडी आपण दहा-बारा मीटरवरून बघतो, तेव्हा मॉडेलपासून निदान ५० सेंटिमीटर मागे सरक आणि दुप्पट झूम लाव. जवळ जाऊन वाइडने काढलं की बॉनेट फुगतं. पोर्ट्रेट मोड बंद ठेव. पाठीमागचं सगळं विरघळलं की वस्तू तळहाताएवढी आहे हे लगेच कळतं. फोनचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे पुढचं-मागचं बरंच एकदम स्पष्ट येतं. इथे मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा तुझा फोनच उपयोगी.

प्रकाशासाठी टेबल लॅम्प नको. अर्ध्या मीटरवरचा दिवा म्हणजे गाडीच्या मानाने १२ मीटरवर टांगलेला भलामोठा दिवा. पुढचा दिवा लखलखीत आणि डिकी अंधारात असं होतं. सूर्य तेवढा भागावा लागत नाही. त्याची सावली १:२४ मध्येही तितकीच खरी पडते. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर गच्चीत जा.

मायकेल पॉल स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने एल्गिन पार्क नावाचं काल्पनिक गाव असंच उभं केलं. १:२४ च्या गाड्या, टेबलावर मांडलेला रस्ता, मागची झाडं आणि आकाश खरं, आणि सुरुवातीला हातात साधा खिशातला कॅमेरा. तू प्रभात रोडच्या एखाद्या आडगल्लीत कर. फळी तुझ्या डोळ्यांपेक्षा सहा-सात सेंटिमीटर खाली ठेव, म्हणजे फळीवरचा डोळा आणि खऱ्या रस्त्यावरचा डोळा एकाच उंचीचे होतील. फळीवर ४० किंवा ६० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून करडा रंगव, डांबराची खडी मापात येते. फळीची पलीकडची कड मागच्या फुटपाथच्या रेषेत बसेपर्यंत फोन केसभर वरखाली करत राहा. इथे घाई केलीस तर सगळं वाया.

आणि तू म्हणालीस ना, आजोबांची मारुती ८०० करायचीये? तीच कर, आत्ताच कर. आयता किट शोधण्यात महिने घालवू नकोस. ती गाडी इतकी सपाट पत्र्यांची आहे की प्लास्टिक शीटमधून उभी राहते. लांबी ३३३५ मिलिमीटर, म्हणजे १३९. रुंदी १४४०, म्हणजे बरोबर ६०. टायरवर बहुधा १४५/७० आर १२ लिहिलेलं असेल, त्याचा व्यास मॉडेलमध्ये २१ मिलिमीटर येतो. बाकीची मापं आजोबांना टेपचं एक टोक धरायला लावून घे: खिडकीची उंची, छताच्या पन्हळीची रुंदी, दोन दिव्यांमधलं अंतर. प्रत्येक बाजूचा फोटो शक्य तितकं लांब उभं राहून झूमने काढ, आणि फोटोत गाडीला टेकवून एक मीटरपट्टी ठेव. उन्हाने छत आणि बॉनेट फिके पडलेत आणि दारं अजून गडद आहेत, ते दिवसाच्या उजेडात टिपून ठेव. आजोबा गाडी विकायचं म्हणतायत, तर हे सगळं या आठवड्यात उरक.

मापं झाली की ग्राफ पेपरवर साइड, फ्रंट आणि बॅक असे तीन व्ह्यू पूर्ण मापात काढ आणि मला पाठव. मी तपासून कळवल्यावरच शीटला ब्लेड लाव.

तुझा,
काका