जुनी वायर, नवा एक्झॉस्ट फॅन

प्रश्न : आमची इमारत १९८५च्या सुमाराची आहे. बाथरूममधला पत्र्याचा एक्झॉस्ट फॅन जाम झाला, म्हणून सहा इंची, प्लास्टिक बॉडीचा नवा आणला. भिंतीतून लाल आणि काळी अशा दोनच वायरी येतात, त्याही जेमतेम चार इंच. अर्थिंग नाही. स्विच बंद केला तरी टेस्टर लागतो. वायरमन टाइल्स फोडून नवी लाइन टाकायला सांगतो. दुसरा मार्ग आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुधा आहे. पण फॅनच्या आधी स्विचचं बघा. स्विच बंद असताना टेस्टर लख्ख लागत असेल, तर स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी फॅन थांबतो, पण वायरीत २३० व्होल्ट तसेच राहतात. जुन्या घरांत हा दोष सर्रास आढळतो. तेव्हा लाल म्हणजे फेज असं धरून चालू नका. (टेस्टर अगदी मंद लागत असेल, तर पाइपातल्या शेजारच्या वायरीचाही तो परिणाम असू शकतो.)

परवानाधारक वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या. फॅनच्या वायरी सोडवून, टोकं झाकून, एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) चालू केल्यावर स्विचच्या एका स्क्रूवर फेज मिळायलाच हवा. एकाही स्क्रूवर मिळाला नाही, तर न्यूट्रलच स्विचवर आहे. फॅनच्या दोन्ही वायरी त्याच बोर्डात येत असतील तर जोडणी तिथेच बदलता येते, भिंतीला हात लावावा लागत नाही. जोडणी करताना एमसीबी बंद हवाच. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर मेन पाडूनही वायर जिवंत राहते.

आता वायर. हा फॅन साधारण ३०-४० वॅटचा, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह. भाराची काळजी नको, काळजी इन्सुलेशनची करा. टोक वाकवल्यावर आवरणाला चिरा पडत असतील किंवा आतली तार ॲल्युमिनियमची असेल, तर जोड देत बसू नका. ॲल्युमिनियमला तांबं पिळून जोडलं की बाथरूमच्या दमट हवेत जोड गंजतो, तापतो. त्यापेक्षा जुन्या वायरीला बांधून १ चौरस मिलिमीटरच्या तीन तांब्याच्या वायरी ओढून घ्या. तिसरी हिरवी, अर्थिंगची. टाल्कम पावडर लावली की त्या सरकतात. अडकल्या तर जोर लावू नका, वळणावर जुनी वायर तुटते. मग दाराच्या वरून केसिंग-कॅपिंग पट्टी (भिंतीवरून वायर नेण्याची झाकणाची पट्टी) न्यावी.

वायर ठणठणीत असेल, तर नुसत्या टेपवर न भागवता स्क्रूच्या कनेक्टरने जोडून झाकणाच्या, पाणी न शिरणाऱ्या बॉक्समध्ये ठेवा. वाफेने टेपचा डिंक सुटतो. गीझरच्या पॉइंटवरून लाइन मात्र घेऊ नका. त्याचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो. तो पडेपर्यंत बारीक वायर जळू शकते.

अर्थिंगचं म्हणाल, तर फॅनच्या लेबलवर चौकोनात चौकोन अशी (दुहेरी इन्सुलेशनची) खूण असेल तर ते लागत नाही. पत्र्याच्या बॉडीला मात्र हवंच. दोन्ही बाबतींत बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.